पिंजऱ्यातील मल्ल आणि त्याची मजुरी

कामगार चळवळीतल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत महागाईवर बोलावे, बोनसवर बोलावे, फार तर कामगार कायद्यावर बोलावे, अशी चालकांची अपेक्षा असते. ती आम्ही आजवर इमानाने पुरी करीत आलो. यंदा आम्ही विषय कळविला तेव्हा मात्र त्यांचा चेहरा पडला. ‘मारामारीवर व्याख्यान?’ असे त्यांनी विचारले. आम्ही म्हटले, मारामारीवर नव्हे, मजुरीवर.

गोष्ट अशी झाली. एका कारखान्याच्या फाटकापाशी सभा होती. आम्ही अर्धा तास आधी पोहोचलो. कंत्राटी कामगारांतली चार-पाच तरुण मुले एका मोबाइलभोवती डोकी एकत्र करून उभी होती. आत डोकावलो तर अष्टकोनी पिंजऱ्यात दोन उघडे गडी एकमेकांस बडवीत आहेत! कोणी कोणाला कितव्या फेरीत पाडले हे त्या मुलांना तोंडपाठ होते. आम्ही विचारले, ‘या गड्याला पैसे किती मिळतात, आणि देतो कोण?’ ते एकालाही सांगता येईना. हे दोन प्रश्न विचारायची आमची जुनी खोड आहे. उत्तर मिळेपर्यंत आम्हांला स्वस्थ बसवत नाही. मग आम्ही वर्तमानपत्रे चाळली, अमेरिकेतल्या खटल्यांची कागदपत्रे अडखळत वाचली, आणि एका माणसाच्या वाटचालीशी येऊन थांबलो. त्याचे नाव एडी अल्वारेझ.

आधी खेळ समजून घेऊ, कारण सभागृहात तो पाहिलेले थोडेच असतील. मिक्स्ड मार्शल आर्ट्स म्हणजे मिश्र युद्धकला. मुष्टियुद्धातले ठोसे, थाई पद्धतीच्या लाथा, कुस्तीची पकड आणि जुजुत्सूमधले सांधे पिळण्याचे व गळा आवळण्याचे डाव, हे सारे एकाच झुंजीत चालते. आपल्या कुस्तीत पाठ टेकली की निकाल लागला. येथे पाठ टेकल्यावर पुष्कळदा झुंजीला रंग चढतो. खाली पडलेला गडी वरच्याला पायांच्या कैचीत धरून त्याचा हात मोडायच्या बेतात असतो. हार कबूल करायची तर हाताने दोन-तीनदा थापटायचे. फेरी पाच मिनिटांची. साध्या झुंजीत तीन फेऱ्या आणि अजिंक्यपदासाठी पाच. चावणे, डोळ्यांत बोटे घालणे, मर्मस्थानी मारणे या गोष्टींना बंदी आहे. तेव्हा हा केवळ दांडगेपणा आहे असे समजणाऱ्यांनी जरा दम धरावा. त्यात विद्या आहे आणि ती शिकायला वर्षे लागतात.

मल्लांचे वजनानुसार गट पाडतात. लाइटवेटची मर्यादा १५५ पौंड, म्हणजे सुमारे ७० किलो. ऐकणाऱ्याला वाटेल, सत्तर किलोचा माणूस सत्तर किलोच्या माणसाशी लढतो. तसे नसते. वजन झुंजीच्या आदल्या दिवशी होते. एरवी जो ७७-७८ किलोचा आहे तो शेवटच्या दिवसांत पाणी तोडतो, गरम पाण्याच्या टबात आणि वाफेच्या खोलीत बसून घाम काढतो, कसाबसा सत्तरावर येतो, काटा पाहतो आणि मग रात्रभर पाणी पिऊन अंग भरून काढतो. दोघेही हेच करतात, त्यामुळे कोणाचाच फायदा होत नाही; पण जो करणार नाही तो मार खाईल, म्हणून थांबत कोणीच नाही. कामाचे तास वाढविण्याच्या शर्यतीत हे आम्ही नेहमी पाहतो. डिसेंबर २०१५ मध्ये मनिला येथे एक चिनी मल्ल वजन उतरवितानाच कोसळला आणि मेला. वय एकवीस. तो ज्या कंपनीच्या झुंजीत उतरणार होता त्या वन चॅम्पियनशिपने यानंतर नियम बदलले. अंगातले पाणी तपासून मगच वजन धरायचे ठरविले आणि गटांच्या मर्यादा वर नेल्या. त्यांचा लाइटवेट आता १७० पौंडांचा. एवढे करायला एक जीव जावा लागला.

आता अल्वारेझ. त्याचा जन्म जानेवारी १९८४ मधला, गाव फिलाडेल्फिया, वस्ती केन्सिंग्टन. कामगार चळवळीचा इतिहास वाचणाऱ्याला केन्सिंग्टन हे नाव अनोळखी नाही. ही कापडगिरण्यांची वस्ती. १९०३ साली येथल्या गिरणी कामगारांनी आठवड्याचे साठ तास पंचावन्नावर आणावेत म्हणून संप केला, आणि मदर जोन्स या म्हाताऱ्या बाईने गिरणीत राबणाऱ्या पोरांना बरोबर घेऊन अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या ऑइस्टर बे येथल्या घरापर्यंत मोर्चा नेला. पुढे गिरण्या गेल्या. मागे राहिली बेकारी, पडकी घरे आणि नशेचा बाजार. मुंबईत गिरणगावाचे काय झाले हे ज्यांनी पाहिले त्यांना अधिक सांगायला नको. अशा वस्तीत वाढलेला हा मुलगा शाळेत कुस्ती शिकला आणि २००३ च्या अखेरीस पैशासाठी झुंजू लागला. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता.

पहिली वर्षे तो लहानसहान कंपन्यांच्या झुंजी करीत हिंडला. आरंभी तो वरच्या वजनगटात लढे. २००७ मध्ये तेथे पहिली हार खाल्ली आणि मग लाइटवेटमध्ये आला. २००८ मध्ये जपानच्या ड्रीम या कंपनीने लाइटवेटची स्पर्धा भरविली. त्यात मे महिन्यात अल्वारेझने नॉर्वेच्या योआकिम हान्सेनला गुणांवर हरविले. जुलैमध्ये उपांत्य आणि अंतिम, दोन्ही झुंजी एकाच रात्री! उपांत्य झुंजीत त्याने तात्सुया कावाजिरीला लोळविले; पण त्यात डोळा असा सुजला की अंतिम झुंजीला उतरता येईना. मग त्याच्या जागी राखीव मल्ल म्हणून कोण उतरावा? मे महिन्यात त्यानेच हरविलेला हान्सेन. आणि हान्सेन शिन्या आओकीला हरवून पट्टा घेऊन गेला. एका रात्रीत दोनदा मार खायला लावणारी स्पर्धा ज्याने आखली त्याचे डोके ठिकाणावर होते का, हे आम्हांला अजून कळलेले नाही. प्रेक्षकांना गंमत वाटली असेल.

२००९ मध्ये अमेरिकेत बेलाटोर नावाच्या नव्या कंपनीने झुंजी भरवायला सुरुवात केली. तिची पहिली लाइटवेट स्पर्धा जिंकून अल्वारेझ तिचा पहिला लाइटवेट अजिंक्यवीर झाला. नोव्हेंबर २०११ मध्ये मायकेल चँडलरने चौथ्या फेरीत त्याचा गळा आवळून पट्टा घेतला. जाणकार त्या झुंजीची आठवण आजही काढतात. पुढे त्याने पुन्हा झुंजी जिंकल्या, आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये विंडसर येथे पॅट्रिकी फ्रेरेला डोक्यावर लाथ हाणून झोपविले. बेलाटोरच्या करारातली ही त्याची शेवटची झुंज. वय अठ्ठावीस. म्हणजे लढवय्याच्या हिशेबाने ऐन दुपार.

येथून पुढचा भाग आम्हांला झुंजींपेक्षा महत्त्वाचा वाटतो.

करार संपला. यूएफसी ही या धंद्यातली सर्वांत मोठी कंपनी. तिने त्याला देकार दिला: करारावर सही केल्याबद्दल अडीच लाख डॉलर, आठ झुंजींचा करार, पहिल्या झुंजीला सत्तर हजार आणि जिंकल्यास आणखी सत्तर हजार. शिवाय घरोघरी पैसे भरून पाहणाऱ्या प्रेक्षकांच्या उत्पन्नात वाटा. तुम्ही म्हणाल, मग अडले कोठे? अडले एका कलमावर. जुन्या करारात बेलाटोरने ‘बरोबरीचा हक्क’ राखून ठेवला होता. करार संपल्यावर दुसरीकडून देकार आला तर तो जुन्या मालकाला दाखवायचा. जुना मालक तेवढेच देण्यास तयार झाला की मल्ल पुन्हा त्याचाच. बेलाटोरने काय केले? यूएफसीचा देकार शब्दाला शब्द उतरवून काढला आणि म्हणाली, झाली बरोबरी. अल्वारेझचे म्हणणे असे की, कागदावरची बरोबरी ही बरोबरी नव्हे. यूएफसी तेव्हा दरसाल अनेक मोठे सशुल्क कार्यक्रम दाखवीत असे, बेलाटोरने तोवर तसा एकही दाखविला नव्हता. मग त्या उत्पन्नातला वाटा म्हणजे कशातला वाटा? घोडाच नसलेल्या माणसाने घोड्याच्या शर्यतीचे निम्मे बक्षीस कबूल करण्यातला हा प्रकार.

जानेवारी २०१३ मध्ये बेलाटोरने दावा लावला. अल्वारेझने उलट दावा लावला, आणि निकाल लागेपर्यंत आपल्याला यूएफसीत लढू द्यावे असा तातडीचा हुकूम न्यायालयाकडे मागितला. तो मिळाला नाही. ऑगस्टमध्ये तडजोड झाली. त्याला बेलाटोरमध्येच परतावे लागले. नोव्हेंबर २०१३ मध्ये तो पुन्हा चँडलरशी लढला आणि पंचांच्या दोन-विरुद्ध-एक निकालाने जिंकला. दोन झुंजींमध्ये वर्षाहून अधिक काळ गेला होता. कारकुनाचे वर्ष गेले तर ते नोकरीच्या शेवटी एक वर्षाने कमी भरते. मल्लाचे गेलेले वर्ष मधून जाते, आणि त्याच्याकडे अशी वर्षे दहा-बाराच असतात. खटला चालू असताना कंपनीच्या इतर झुंजी चालूच होत्या. तिचा वकील पगारी होता, याची बिदागी बंद होती. आम्ही औद्योगिक न्यायालयाचे उंबरठे झिजविलेले आहेत. तेथे मालकाला निकाल लागतच नाही असे नव्हे, त्याला थांबणे परवडते.

तिसरी झुंज मे २०१४ मध्ये ठरली होती. सरावात डोक्याला मार बसल्याने अल्वारेझला माघार घ्यावी लागली. त्याच ऑगस्टमध्ये बेलाटोरने त्याला मोकळे केले. सप्टेंबरमध्ये तो यूएफसीत उतरला आणि डोनाल्ड सेरोनीकडून हरला. मग गिल्बर्ट मेलेंडेझ आणि अँथनी पेटिस, दोन्ही झुंजी काठावरच्या, दोन्ही जिंकल्या. ७ जुलै २०१६ रोजी लास वेगास येथे राफाएल दोस आंजोस या अजिंक्यवीराला त्याने पहिल्याच फेरीत गाठले आणि यूएफसीचा लाइटवेट पट्टा मिळविला. केन्सिंग्टनचा पोरगा जगात पहिला! आम्ही कोठल्याही झुंजीचे शौकीन नव्हे. पण त्या झुंजीचे चित्र पाहताना आमचाही हात नकळत वळला, हे कबूल करतो.

चारच दिवसांनी, ११ जुलैला, दुसरी बातमी आली. फर्टिटा बंधूंनी यूएफसी सुमारे चार अब्ज डॉलरांना विकली होती. २००१ मध्ये त्यांनी ती वीस लाख डॉलरांना घेतली होती. पंधरा वर्षांत किंमत दोन हजार पट झाली. ती वाढविताना ज्यांची नाके मोडली, डोळे सुजले त्यांपैकी कोणाचा त्या विक्रीत हक्काचा वाटा नव्हता, कारण ते भागीदार नव्हते. आणि ते नोकरही नव्हते. मग होते तरी कोण? कायद्याच्या भाषेत ‘स्वतंत्र कंत्राटदार’.

हे ऐकल्यावर फाटकाजवळच्या मुलांपैकी एकाने विचारले, ‘म्हणजे दादा, त्यांना पीएफ नाही?’ नाही. भरपगारी रजा नाही, निवृत्तिवेतन नाही, वाटाघाटीचा हक्क नाही. झुंजीत इजा झाली तर विमा आहे, आणि २०११ पासून सरावातल्या इजेसाठीही विमा मिळू लागला, एवढे न्यायाने सांगितले पाहिजे. पण ‘स्वतंत्र’ या शब्दाकडे जरा पाहा. जुलै २०१५ पासून सर्वांनी रीबॉक कंपनीचा ठरावीक पोशाखच घालायचा असा नियम झाला. त्याआधी मल्ल आपल्या चड्डीवर आणि फलकावर स्वतः मिळविलेल्या जाहिराती लावून चार पैसे जोडीत, ते बंद. त्याऐवजी दरपत्रक आले: पाच झुंजींपर्यंतच्या नवख्याला झुंजीमागे अडीच हजार डॉलर, अजिंक्यवीराला चाळीस हजार. त्याच महिन्यात उत्तेजक द्रव्यांची बारमाही तपासणी सुरू झाली. ती चांगलीच गोष्ट, आमचा तिला विरोध नाही. परंतु तीत मल्लाने रोज आपण कोठे आहोत हे कळवायचे असते. गणवेश त्यांचा, ठावठिकाणा त्यांना कळवायचा, झुंज कोणाशी व कधी हे ठरविणार ते, दुसरीकडे लढायला बंदी. आणि तरीही स्वतंत्र! आम्हांला एका कारखान्यातले प्रकरण आठवते. कंत्राटी कामगारांच्या अंगात कारखान्याच्या नावाचा शर्ट, गळ्यात कारखान्याचे ओळखपत्र. सुनावणीत व्यवस्थापनाचे म्हणणे काय, तर हे आमचे कामगारच नव्हेत. शर्ट आमचा, आतला माणूस ठेकेदाराचा!

यूएफसीच्या मल्लांनी संघटना का केली नाही, असे विचाराल तर तसा प्रयत्न झाला. फेब्रुवारी २०१८ मध्ये लेस्ली स्मिथ या स्त्री-मल्लाने प्रोजेक्ट स्पिअरहेड नावाने सह्यांची मोहीम काढली. तीस टक्के मल्लांच्या सह्या झाल्या की अमेरिकेच्या राष्ट्रीय कामगार मंडळाकडे जाऊन ‘आम्ही नोकर की कंत्राटदार’ याचा निकाल मागता येतो. काजान जॉन्सन आणि अल आयाक्विंटा हे दोन लाइटवेट मल्लही तिच्यात सामील झाले. एप्रिलमध्ये स्मिथबाईंच्या करारातली शेवटची झुंज होती. प्रतिस्पर्धी वजनात बसली नाही, झुंज रद्द झाली. कंपनीने तिला दोन्ही बिदाग्या, लढण्याची आणि जिंकण्याचीही, देऊन टाकल्या आणि करार संपला असे सांगितले. तिने मंडळाकडे तक्रार केली; ती त्याच वर्षी फेटाळली गेली. पुढारी गेला की सह्यांचे काय होते, हे आमच्या धंद्यातल्या माणसाला सांगावे लागत नाही.

पण आम्ही या अपयशाचा दोष केवळ मालकावर टाकणार नाही. बिदागीचे ते दोन तुकडे आठवा: सत्तर हजार लढल्याचे, सत्तर हजार जिंकल्याचे. गिरणीत शेजारच्या मागावरचा माणूस आजारी पडला तर आपले काम वाढते, मजुरी वाढत नाही. म्हणून त्याचे बरे चालावे यात आपले हित असते. पिंजऱ्यात समोरचा कामगार पडला तरच आपली मजुरी दुप्पट होते. ज्याच्याशी हातात हात घालून युनियन करायची त्याचेच दात पुढच्या शनिवारी पाडायचे आहेत. मजुरीची ही रचना ज्याने आखली त्याने एकजुटीच्या मुळावरच घाव घातला, मग तो हेतू असो वा नसो. आम्ही पस्तीस वर्षे माणसे एकत्र आणण्याचे काम करतो. असल्या ठिकाणी आम्हांला पाठविले असते तर काय केले असते, याचे उत्तर आम्हांलाही चटकन सापडत नाही. एवढे मात्र दिसते की अमेरिकेतल्या बास्केटबॉलपटूंची युनियन आहे आणि त्यांच्या धंद्यातले सुमारे निम्मे उत्पन्न खेळाडूंकडे जाते. यूएफसीत हा वाटा वीस टक्क्यांच्या आसपासच असे, हे खटल्यातल्या कागदपत्रांतून बाहेर आले. बास्केटबॉलपटूही एकमेकांविरुद्धच खेळतात. तेव्हा गोष्ट अवघड आहे, अशक्य नव्हे.

आता न्यूयॉर्कची कथा, जी आमच्या माहितीत योगायोगानेच आली. न्यूयॉर्क राज्यात १९९७ पासून या धंदेवाईक झुंजींना बंदी होती. यूएफसी ती उठविण्यासाठी वर्षानुवर्षे खटपट करी आणि दरवेळी कोठेतरी घोडे अडे. अडविणाऱ्यांत एक कामगार संघटना होती! फर्टिटा बंधूंचे लास वेगासमध्ये जुगारगृहे-हॉटेले होती आणि तेथल्या कामगारांची युनियन ते मानीत नव्हते. म्हणून हॉटेल-कामगारांच्या संघटनेने त्यांच्या दुसऱ्या धंद्याची वाट न्यूयॉर्कमध्ये रोखली. डावपेच म्हणून आम्ही याला मनातून दाद देतो. त्या प्रचारात मल्लांच्या जाचक करारांचाही दाखला दिला जाई. परंतु मल्लांची दैना हे त्यात हत्यार होते, मल्ल स्वतः त्या लढाईत नव्हते. एप्रिल २०१६ मध्ये बंदी उठली. नव्या कायद्याने एक चांगले केले: मेंदूला जीवघेणी इजा झाल्यास दहा लाख डॉलरांचा विमा सक्तीचा केला.

बंदी उठल्यानंतरचा न्यूयॉर्कमधला यूएफसीचा पहिला कार्यक्रम १२ नोव्हेंबर २०१६ रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये झाला, आणि त्यातली मुख्य झुंज होती अल्वारेझ विरुद्ध कॉनर मॅकग्रेगर. त्या रात्री तिकिटांचेच सुमारे एक कोटी सत्त्याहत्तर लाख डॉलर जमले. आव्हान देणाऱ्या मॅकग्रेगरची बिदागी पट्टा राखणाऱ्या अल्वारेझहून कितीतरी अधिक होती. जाहीर न होणारे वाटे वेगळे. मॅकग्रेगर हा तिकिटे खपविणारा माणूस, त्याला जास्त मिळावे याबद्दल तक्रार नाही. झुंज एकतर्फी झाली. अल्वारेझ पहिल्या फेरीत तीनदा खाली गेला आणि दुसऱ्या फेरीत पंचाने झुंज थांबविली. पट्टा चार महिने त्याच्याकडे राहिला.

डिसेंबर २०१७ मध्ये डेट्रॉइट येथे त्याने तोवर अजिंक्य असलेल्या जस्टिन गेथजीला तिसऱ्या फेरीत गुडघ्याच्या तडाख्याने झोपविले. जुलै २०१८ मध्ये कॅल्गरीत डस्टिन पॉर्येकडून हरला. येथे मात्र त्याने आधीची चूक पुन्हा केली नाही. नवा करार घाईने न करता जुना संपू दिला, आणि वन चॅम्पियनशिपकडे आशियात गेला; म्हणजे त्याच्या नव्या लाइटवेटमध्ये पूर्वीइतका घाम काढण्याची गरज उरली नाही. पण वय पस्तीस झाले होते. टोकियोतल्या पहिल्याच झुंजीत हरला, मनिलात जिंकला, पुढे फारसे काही जमले नाही.

२०२३ पासून तो उघड्या मुठींच्या मुष्टियुद्धात उतरला. हातमोजे नाहीत, मुठीचे हाड थेट चेहऱ्यावर. पहिली झुंज चॅड मेंडिससारख्या जुन्या मल्लाशी जिंकली, दुसरी माइक पेरीशी हरला. २५ जानेवारी २०२५ रोजी फिलाडेल्फियात, आपल्याच गावात, एक्केचाळिसाव्या वर्षी तो जेरेमी स्टीव्हन्सशी लढला आणि हरला.

पुढच्याच महिन्यात नेवाडाच्या न्यायालयाने एका जुन्या खटल्यातल्या तडजोडीस अंतिम मान्यता दिली. कुंग ले आणि इतर मल्लांनी डिसेंबर २०१४ मध्ये हा दावा लावला होता. म्हणणे असे की, यूएफसीने मक्तेदारीच्या जोरावर मल्लांची मजुरी दाबून धरली. आधीची साडेतेहतीस कोटी डॉलरांची तडजोड न्यायाधीशांनी अपुरी म्हणून नाकारली होती. नंतरची साडेसदतीस कोटींची झाली. १६ डिसेंबर २०१० ते ३० जून २०१७ या मुदतीत यूएफसीत लढलेले अकराशेंहून अधिक मल्ल तिच्या कक्षेत येतात. सेरोनीपासून पॉर्येबरोबरच्या पहिल्या झुंजीपर्यंत अल्वारेझच्या सहा झुंजी या मुदतीत बसतात. डेट्रॉइटची आणि कॅल्गरीची बसत नाही. त्या पुढच्या काळासाठी काजान जॉन्सन व इतरांनी २०२१ मध्ये वेगळा दावा लावला आहे.